श्वासाचा रकाना

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी सव्वीस वर्षं काम करतो. भरलेली ट्रॉली काट्यावर आली की तिचं वजन घ्यायचं, ती उसाच्या गव्हाणीपाशी रिकामी होऊन परत आली की पुन्हा घ्यायचं. दोन्हींतला फरक तो शेतकऱ्याचा ऊस. काम एवढंच आहे. पण हंगाम भरात आला आणि शेवगाव रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरांची रांग लागली, की कुणी ना कुणी ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून म्हणतोच, "साहेब, रिकामं वजन कालचंच टाका की. ट्रॉली तीच हाय. लोखंड काय एका दिवसात वाढतंय व्हय?"

लोखंड वाढत नाही. पण तळाला चिखल बसतो, कधी फाळक्यामागे सुटं चाक ठेवलेलं असतं, कधी ड्रायव्हरचा मेव्हणा वर झोपलेला असतो. ते काल असलं आणि आज नसलं, तर तेवढा ऊस शेतकऱ्याच्या नावावरून कमी होतो. म्हणून मी कालचा आकडा टाकत नाही. रांग ओरडते, मी ओरडू देतो.

या गोष्टी मी घरी जेवताना सांगायचो. बायको म्हणायची, "झालं सुरू काट्यावरचं कीर्तन." आमची एकुलती एक मुलगी मात्र ऐकत असावी. ती ऐकते आहे हे मला उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा घाबरायची वेळ माझ्यावर आली.

बारावीनंतर तिनं नर्सिंगला जायचं ठरवलं. नगरला एका मोठ्या रुग्णालयाला जोडलेल्या नर्सिंग शाळेत प्रवेश मिळाला आणि ती तिथल्याच वसतिगृहात राहू लागली. प्रवेशाच्या वेळी पालकांची बैठक झाली. प्राचार्या मॅडम सविस्तर बोलल्या. तुमच्या मुली वॉर्डात जातील त्या शिकायला जातील, नोकरीला नाही. त्यांच्यासोबत कायम पास झालेली नर्स किंवा आमची शिक्षिका असेल. वॉर्ड एकट्या विद्यार्थिनीवर सोडला जाणार नाही. ड्युटीचे तास ठरलेले आहेत, आठवड्याची सुट्टी आहे, आजारी पडली तर रजा आहे. जे शिकवलेलं नाही ते करायला कुणी सांगितलं, तर 'मला येत नाही' असं म्हणायचा तिला हक्क आहे.

मी हात वर केला. "मॅडम, किती मुलींमागं एक शिकवणारी?"

मागून कुणीतरी हसलं. माझ्या शेजारी अकोले तालुक्याच्या डोंगराकडून आलेले एक गृहस्थ बसले होते. ते हळूच म्हणाले, "बरं झालं इचारलं. मला इचारायचं हुतं, पण जीभ उचलंना." मॅडम हसल्या नाहीत. दहा मुलींमागे एक, असं त्यांनी सांगितलं. मी समाधानानं बसलो.

पहिलं वर्ष नीट गेलं. दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या महिनाभर आधी, एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज रडून झाल्यावरचा होता.

"पप्पा, मला वॉर्डातनं काढलं."

मी बायकोला ऐकू जावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर टाकला, आणि तिनं एकेक करून सगळं सांगितलं.

तिची पोस्टिंग तेव्हा बायकांच्या वॉर्डात होती. बत्तीस खाटा. दुपारच्या पाळीला एक स्टाफ नर्स आणि दोन विद्यार्थिनी. त्या दिवशी दुसरी मुलगी तापानं खोलीत पडून होती, आणि स्टाफ नर्सला शेजारच्या वॉर्डात घाईनं बोलावलं ते ती परतलीच नाही. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर, ज्यांना सगळे इन्चार्ज म्हणतात, त्यांची सुट्टीची वेळ झाली होती. जाता जाता त्या म्हणाल्या, संध्याकाळच्या राउंडच्या आत सगळ्या पेशंटचे चार्ट भरून ठेव. चार्टवर तीन रकाने असतात: ताप, नाडी आणि श्वास. श्वास म्हणजे माणूस मिनिटाला किती वेळा श्वास घेतो ते. तो पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो.

"मी म्हटलं, सिस्टर, मी एकटी आहे, एवढे श्वास मोजून होणार नाहीत. तर त्या म्हणाल्या, अठरा लिही सगळ्यांना. जिवंत माणूस अठरा श्वास घेतोच."

"मग?"

"मग काय, एकीची सलाईन संपली, एकीला उलटी झाली, एका आज्जीला बाथरूमला न्यायचं होतं. चौदा जणींचे मोजून झाले. बाकीची घरं मी रिकामी ठेवली."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांनी ती रिकामी घरं पाहिली आणि सगळ्यांसमोर इन्चार्जला बोलले. डॉक्टर पुढे गेल्यावर इन्चार्ज माझ्या मुलीला म्हणाल्या, उद्यापासून माझ्या वॉर्डात पाऊल टाकू नको, तुझी हजेरी लागणार नाही. तेव्हापासून दोन दिवस ती वॉर्डात गेली नव्हती. या पोस्टिंगचे तास भरले नाहीत, तर परीक्षेचा फॉर्म अडतो. फॉर्म अडला की वर्ष गेलं. तिच्या वर्गशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नव्हतं.

"मी सोमवारी प्राचार्या मॅडमना भेटणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका पप्पा. इथं कुणाचे पालक आले की त्या मुलीला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "बघा. जेवताना शिकवलेलं पोरीनं तिकडं जाऊन वापरलं. लिहिलं असतं अठरा, तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"आणि त्यातल्या एखादीचे तीस असते तर?"

"तुमी मला इचारू नका, मला काय कळतंय. माझी पोरगी रडतीय एवढं कळतंय."

मला झोप लागली, खोटं कशाला सांगू. पण सकाळी उठलो तो जायचं ठरवूनच. हंगाम सुरू व्हायचा होता, रजा मिळण्यासारखी होती. बायकोनं अडवलं नाही. तिनं शेंगदाण्याचे लाडू वळले आणि दोन डबे भरले.

"दोन कशाला?"

"एक पोरीला. एक त्या इन्चार्ज बाईला. भांडायला निघालाय, पण मोकळ्या हातानं जाऊ नका."

एसटीत करंजी घाट चढेपर्यंत मी मनात सगळं बोलून पाहिलं. आधी प्राचार्या मॅडमचे शब्द, मग बत्तीस खाटा आणि एक मुलगी हा हिशेब, मग हजेरी. तीन मुद्दे, चौथा नको. माणूस चौथ्या मुद्द्यावर चिडतो.

वॉर्डाच्या तोंडाशी टेबल होतं. टेबलामागे माझ्याच वयाच्या एक बाई उभ्यानंच काहीतरी लिहीत होत्या. चष्मा केसांत खोचलेला, आणि तोच शोधत असल्यासारखा टेबलावर हात फिरत होता. मी नाव सांगितलं, मुलीचं सांगितलं.

"म्हणजे काट्यावरचे तुम्हीच," त्या म्हणाल्या. "बोलली होती ती. आमचे पप्पा न बघता आकडा लिहीत नाहीत, म्हणे. मला म्हणाली, माझ्या तोंडावर."

एसटीत मी बोलून पाहिलेलं त्यात हे नव्हतं. तरी मी पहिला मुद्दा काढला. "बाई, शाळेनं आम्हाला सांगितलंय की मुलींना वॉर्डात एकटं ठेवणार नाही. त्या शिकायला आल्यात. तिला एकटं ठेवलं, आणि जे झालं नाही ते लिही म्हणून सांगितलं. तिनं नाही म्हटलं, तर तो तिचा हक्कच होता."

"हक्क," त्या म्हणाल्या आणि पेन खाली ठेवलं. "दादा, माझ्या वॉर्डात दोन जागा भरलेल्या नाहीत. या पोरी नसतील, तर दुपारी सलाईन बदलायला माणूस नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा आम्हालाही असंच पाण्यात ढकललं. पोहलो."

"जे पोहले ते सांगायला राहिले," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. दोन नातेवाईक वळून बघायला लागले. "दोन जागा रिकाम्या आहेत, तर ते वरच्यांना सांगायचं. त्या जागा माझ्या पोरीनं भरायच्या काय?"

त्या उत्तर द्यायच्या बेतात होत्या, पण थांबल्या. माझ्या तोंडाकडे निरखून पाहायला लागल्या.

"बसा," त्या म्हणाल्या.

"मला बसायचं नाही. मला तिच्या हजेरीचं..."

"बसा म्हणते ना. कान लालबुंद झालेत तुमचे. बीपी आहे का?"

"मला काही नाही."

"मोजलं कधी?"

सव्वीस वर्षं दुसऱ्यांचं वजन मोजणाऱ्या माणसानं स्वतःचं बीपी कधीच मोजलेलं नव्हतं. त्यांनी मला खुर्चीत जवळजवळ दाबूनच बसवलं, आणि वॉर्डातल्या मावशीला हाक मारली. "मावशी, वसतिगृहातनं त्या शेवगावच्या पोरीला बोलवा. म्हणावं, मोजायची हौस आहे ना, ये, मोज."

मुलगी धावतच आली. मला खुर्चीत बघून तिचा चेहरा पांढरा पडला, मग माझ्या हातातले डबे दिसल्यावर लाल झाला.

"पप्पा! नको म्हटलं होतं ना मी?"

"तुझ्या आईनं लाडू दिलेत," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

"घरचं नंतर," इन्चार्ज म्हणाल्या. "बीपी घे."

तिनं पट्टा घेतला आणि माझ्या शर्टाच्या बाहीवरूनच दंडाला गुंडाळला. माझा हात खुर्चीखाली लोंबत होता. हवा भरायला सुरुवात करणार, तोच इन्चार्ज म्हणाल्या, "थांब. काढ तो. दुसऱ्या वर्षाला आलीस आणि पट्टा बाहीवरून? हात लोंबता ठेवलास तर आकडा बरोबर येईल का? प्रयोगशाळेत शिकवलं नाही?"

"शिकवलं सिस्टर. पण तिथल्या सरावाच्या पुतळ्याला बाहीच नाही."

मग इन्चार्जना हसू आलं. त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, पण ते खांद्यांतून बाहेर पडलं. मावशी तर उघडच हसली.

"आणि वॉर्डात?" हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं.

"वॉर्डात पहिल्या दिवसापासून घेतेय. कुणी बघितलं नाही बरोबर घेते का चूक. आत्ता तुम्ही बघितलंत."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, तसं. इन्चार्जनी केसांतला चष्मा काढून डोळ्यांवर ठेवला. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. माझी बाही वर सरकवली, हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवला, कोपराच्या आत नाडी कुठे लागते ते मुलीचं बोट धरून दाखवलं. "इथं. दोन बोटं वर पट्टा. आता भर. सावकाश सोड. आवाज कुठं सुरू झाला ते डोक्यात ठेव." तिनं घेतलं, मग त्यांनी स्वतः घेतलं. दोघींच्या आकड्यात फारसा फरक नव्हता. वरचा एकशे सत्तरच्या आसपास होता.

"भांडून झालं ना? आता हलायचं नाही," त्या मला म्हणाल्या. "थोड्या वेळानं परत बघू. तेवढाच आला, तर खाली डॉक्टरांना दाखवूनच घरी जायचं." मग मुलीला म्हणाल्या, "नाडी."

मुलीनं माझं मनगट धरलं. ती तिच्या घड्याळाकडे बघत राहिली. बराच वेळ झाला तरी हात सोडेना. मी म्हटलं, "झाली ना नाडी? काही बिघडलंय का?"

"बोलू नका पप्पा."

आणखी थोड्या वेळानं तिनं हात सोडला. "सिस्टर, नाडी ब्याण्णव. श्वास बावीस."

"श्वास कधी मोजलास?" मी विचारलं.

"नाडी झाल्यावर. हात धरून ठेवायचा आणि छातीकडं बघायचं. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. तुम्हाला वाटलं नाडीच चालू आहे."

लहानपणी मी हिला काट्यावर नेऊन वजनाची सुई कशी बघायची ते दाखवलं होतं. आता तिनं मला मोजलं, आणि मला पत्ताही लागला नाही. राग कुठे गेला कुणास ठाऊक, त्याच्या जागी मला बरं वाटत होतं.

"बावीस," इन्चार्ज म्हणाल्या. "म्हणजे तुझे वडील अठरात बसत नाहीत."

हे त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. मग टेबलावरच्या चार्टांची चळत सरळ करत म्हणाल्या, "दादा, तुम्ही म्हणता ते खरं आहे. वरच्यांना मी दोनदा सांगितलं. नर्सनं सांगितलं तर ते ऐकतात आणि विसरतात. सोमवारी ही मॅडमकडे जाणार आहे, ते माझ्या कानावर आलंय. मीही जाते हिच्याबरोबर. दुपारच्या पाळीला शाळेनं एक शिक्षिका द्यावी, नाहीतर दुपारी मुली पाठवू नयेत. माझी अडचण होईल, होऊ दे. अडचण झाली की जागा भरतील. तुम्हीही पालक म्हणून मॅडमना फोन करा."

"करतो," मी म्हणालो.

"आणि हजेरीची काळजी करू नका. तीन दिवस बुडालेत. मीच बुडवलेत, मीच टाकते. आता टाकते."

त्यांनी हजेरीपुस्तक ओढलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. ज्याच्यासाठी करंजी घाट चढून आलो, ते झालं होतं. मी डबा पुढे करणार, तेवढ्यात माझी मुलगी म्हणाली, "नको सिस्टर."

"काय नको?"

"ते तीन दिवस मी आले नाही. न आलेले दिवस आले म्हणून लिहू नका. मला ते दिवस परत द्या. मी भरून काढीन. पण कुणीतरी बरोबर असलं पाहिजे."

खरं सांगतो, उठून तिच्या तोंडावर हात ठेवावा असं मला वाटलं. हलायचं नाही असा हुकूम होता, म्हणून नाही उठलो. सिस्टर स्वतःहून देतायत, घे की! चूक त्यांची होती, तुझी नव्हती! हे सगळं माझ्या जिभेवर आलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काट्याच्या खिडकीबाहेर उभा आहे आणि कालचाच आकडा टाका म्हणतोय. मी डबा मांडीवरच ठेवला.

इन्चार्जनी हजेरीपुस्तक मिटलं. "परत दिवस म्हणजे कधी? या महिन्याचं वेळापत्रक भरलंय. दिवाळीच्या सुट्टीतच मिळतील. मी दिवाळीला ड्युटीवर आहे."

"चालेल."

"घरी काय सांगशील?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "पप्पा सांगतील."

दुसऱ्यांदा बीपी घेतलं, ते थोडं उतरलं होतं, पण पुरेसं नाही. खालच्या डॉक्टरांनी मला रोज एक गोळी लिहून दिली, ती अजून चालू आहे. लाडवांचा एक डबा इन्चार्जनी घेतला. उघडून बघितला, एक खाल्ला आणि म्हणाल्या, "गूळ बेताचा आहे. चांगला हात आहे वहिनींचा. तुम्ही मात्र मीठ कमी करा."

सोमवारी दोघी मॅडमकडे गेल्या. मीही फोन केला आणि बैठकीत मिळालेल्या उत्तराची त्यांना आठवण करून दिली. माझा प्रश्न मॅडमच्या लक्षात होता. नवीन शिक्षिका आठवड्याभरात आल्या आणि दुपारच्या पाळीला त्या वॉर्डात राहू लागल्या. त्या नसतील त्या दुपारी मुली वॉर्डात जात नाहीत, असं ठरलं. दोनपैकी एक जागा भरली, दुसरी अजून रिकामी आहे. आणि त्या वॉर्डात एक नवी पद्धत पडली: वेळ मिळाला नाही, तर त्या घरात 'मोजले नाही' असं लिहायचं आणि खाली सही करायची. मोठे डॉक्टर पहिल्यांदा चिडले. पण मग ज्या पेशंटच्या घरात ते लिहिलेलं असेल, तिथे थांबून ते स्वतः बघू लागले, असं मुलीनं सांगितलं.

दिवाळीचं घरी मला सांगावं लागलं. बायको दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. "साधं हो म्हणता आलं नाही त्या पोरीला. आणि तुमी बसला हुता नुसते बघत." मग तिसऱ्या दिवशी तिनं चकलीची भाजणी काढली. प्रमाण नेहमीच्या दुप्पट होतं. मी विचारलं नाही.

पाडव्याला आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं नगरला गेलो. पिशवीत फराळाचे डबे होते. वॉर्डाच्या दारात कुणीतरी पणत्या लावल्या होत्या, दोन विझलेल्या. आत निम्म्या खाटा रिकाम्या होत्या. ज्यांना घरी सोडता येणार नव्हतं, तेवढ्याच बायका राहिल्या होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी उशीला टेकून बसली होती. माझी मुलगी तिचं मनगट धरून उभी होती. शेजारी इन्चार्ज होत्या. दोघीही तिच्या पदराकडे बघत होत्या, जिथे तो खालीवर होत होता. म्हातारी खिडकीबाहेर बघत होती, तिला काही ठाऊक नव्हतं.

"किती?" इन्चार्जनी विचारलं.

"चोवीस."

"मला पंचवीस आले. परत."

मुलीनं मनगट पुन्हा धरलं. मी पुढे निघालो होतो, बायकोनं माझा शर्ट मागून ओढला.

"काय करत्यात त्या?" तिनं हळूच विचारलं.

"मोजतायत."

"किती येळ लागंल?"

"एक मिनिट."

"मग थांबू की," ती म्हणाली. आम्ही डबे हातात धरून दारातच उभे राहिलो.